बँटमची पिल्लं घरी काढताना
घरची खुडूक, म्हणजे अंड्यांवर बसायला लागलेली, कोंबडी असेल तर अंडी उबवायचं मशीन कशाला? बँटम, म्हणजे छोट्या चणीची कोंबडी, असेल तर खाली पाच-सहाच अंडी ठेवा. सातव्या रात्री अंडं टॉर्चवर धरा. लाल शिरांचं जाळं दिसलं की जीव धरलाय. 19 ते 21 दिवसांत पिल्लं फुटतात. कवचाला टोच पडल्यावरही 24 तास लागू शकतात. कृपा करून सोलू नका, आतल्या शिरा फुटून रक्त जातं.

पिल्लू जेमतेम अंगठ्याएवढं, वाटीभर पाण्यातही बुडतं. म्हणून बरणीचं झाकण घ्या, त्यात खडे टाका. खायला चिक स्टार्टर, म्हणजे पिल्लांचं तयार खाद्य, द्या. कोकणातल्या पावसात खाली अंथरलेलं भाताचं तूस ओलं राहतं आणि रक्ती हगवण लागते. ते रोज बदलाच. रात्री डालग्यावर, म्हणजे कोंबड्या झाकायच्या टोपलीवर, विसंबू नका. मुंगसासाठी बारीक जाळी हवी.