हरणाचं वय कसं ओळखावं? आधी धड, मग दात, शिंगं सगळ्यात शेवटी

बैलबाजारात गेलेला जाणता शेतकरी आधी जनावराचं तोंड उघडतो. आदत, दुसा, चौसा, जुळलेला: दातांवरून वय ठरतं, वयावरून भाव. टेक्सासमध्ये शिकारीच्या लीजवर, म्हणजे शिकारीसाठी भाड्याने घेतलेल्या रानात, मचाणात बसलं की मला हमखास हे आठवतं. इथल्या हरणाचं वयही अखेर तोंडातच कळतं, पण ते तोंड उघडायला मिळतं गोळी सुटल्यावर. निर्णय त्याआधी घ्यायचा असतो, शंभर यार्डांवरून, मावळत्या उजेडात.

भारतात 1972 च्या वन्यजीव कायद्यानंतर शिकार बंद आहे. त्यामुळे हे लिखाण इकडे टेक्सासात रायफल किंवा धनुष्य घेऊन बसणाऱ्या मराठी मंडळींसाठी, आणि ज्यांना नुसतं कुतूहल आहे त्यांच्यासाठी. इथली बहुतेक जमीन खासगी मालकीची आहे आणि पांढऱ्या शेपटीची हरणं, म्हणजे व्हाइटटेल, उदंड. कोणत्या रानात किती माद्या मारायच्या आणि कोणत्या वयाचा नर राखायचा, हे कायद्याच्या चौकटीत राहून जमीनमालक आणि लीजवाले ठरवतात. नराची शिंगं साधारण पाच ते सात वर्षांच्या वयात ऐन भरात येतात. दर वर्षी अडीच वर्षांचे नर टिपत राहिलात तर त्या वयाला पोचायला रानात कुणी उरतच नाही.

दीड, अडीच, साडेतीन

पाडसं बहुधा जूनच्या आगेमागे जन्मतात आणि शिकारीचा मोसम असतो नोव्हेंबरात. म्हणून मोसमातलं वय नेहमी अर्ध्यात मोजतात: दीड, अडीच, साडेतीन. मराठीत त्यासाठी तयार शब्द आहेत, ही आपली सोय.

एक गोष्ट आधीच ठरवून टाका. तुम्हाला नेमकं वय नको आहे, गट हवा आहे. पाडस, दीड, अडीच, साडेतीन ते साडेचार आणि त्यापुढचे जुने, एवढे पाच गट व्यवस्थापनाला पुरतात. जिवंत नर बघून ‘हा साडेपाचच’ असं छातीठोक सांगणाऱ्याचं फार ऐकू नका.

नर: शिंगांवर अंगठा ठेवा

सवय लावायची तर फोटोंवर लावा. ट्रेल कॅमेऱ्याचा, म्हणजे रानात लावून ठेवलेल्या आपोआप टिपणाऱ्या कॅमेऱ्याचा, फोटो मोबाइलवर घ्या, शिंगांवर अंगठा ठेवा आणि उरलेल्या जनावराचं वय सांगा. शिंगं दर वर्षी गळतात, नवी येतात. चांगला चारा मिळालेल्या दीड वर्षाच्या नराला आठ टोकं येऊ शकतात, आणि दुष्काळी वर्षात जुन्याचीही शिंगं किरकोळ राहतात.

नर आडवा, मान वर करून, सपाटीवर उभा असेल तेव्हाच बघा. डोकं खाली घालून, आमिष म्हणून टाकलेला मका खाणारा प्रत्येक नर म्हातारा दिसतो. मग मागून पुढे नजर न्या: पोट, पाठ, छाती, मान.

दीड वर्षाचा नर म्हणजे शिंगं लावलेली मादी. पाय लांब, कंबर बारीक, मान सडपातळ. अडीचला मान थोडी भरते, पण पाय अजून धडाला लांबच वाटतात. साडेतीनचा शर्यतीच्या घोड्यासारखा: छाती खोल, खांदे भरलेले, कंबर मात्र आत गेलेली. फसगत इथेच सर्वांत जास्त होते, कारण तो देखणा असतो. साडेचारला पोटाची रेघ छातीच्या रेघेला येऊन मिळते आणि माजात मान चांगलीच फुगते. साडेपाच आणि पुढे पोट सुटतं, पाठ किंचित झोळते, पाय आखूड वाटू लागतात, मान कुठे संपली आणि छाती कुठे सुरू झाली ते कळत नाही. मागच्या पायांच्या सांध्यांवर आतून असलेल्या गंधग्रंथी माजात काळ्याकुट्ट होतात. आणखी म्हाताऱ्या नराच्या जबड्याखाली कातडं लोंबतं.

तारीख विसरू नका. ऑक्टोबरच्या सुरुवातीला चार वर्षांच्या नराची मानही फुगलेली नसते, आणि माज संपल्यावर तोच नर इतका वाळलेला असतो की दोन वर्षांनी लहान वाटावा. तुलना नेहमी त्याच रानातल्या, त्याच आठवड्यातल्या जनावरांशी करा.

टेक्सासच्या बऱ्याच काउंट्यांत 13 इंचांचा नियम आहे: मारायच्या नराच्या शिंगांमधलं आतलं अंतर निदान तेवढं हवं, किंवा एक शिंग बिनफांदीचं हवं. सावध उभ्या नराच्या दोन कानांच्या टोकांमधलं अंतरही साधारण तेवढंच, म्हणून शिंगं कानांच्या बाहेर गेलेली दिसायला हवीत. या नियमाने बरेचसे कोवळे नर वाचतात. पण तो कायदेशीर ठरलेला नर वयस्क आहे, असं सांगत नाही.

मादी, आणि माझी चूक

मादीचं वय सांगणं खरं तर जास्त अवघड, आणि लोक त्याकडे दुर्लक्ष करतात. निदान पाडस आणि मोठी मादी एवढा फरक तरी यायलाच हवा. पाडसाचं तोंड आखूड, कान डोक्याच्या मानाने मोठे, अंग चौकोनी. मोठ्या मादीचं तोंड लांबट, मान लांब, अंग आयताकृती.

पहिल्या वर्षी मला मादीचा परवाना होता. तिन्हीसांजेला मक्यावर एकटंच जनावर आलं, शिंगं नाहीत, शांत चरत होतं. मी गोळी घातली. जवळ जाऊन डोक्यावरून हात फिरवला तर कानांच्या पुढे केसांखाली दोन टणक गाठी लागल्या. सहा महिन्यांचा नर. नंतर कळलं की उघड्यावर सगळ्यांत आधी आणि एकटी येणारी ‘मादी’ पुष्कळदा असं धीट नर पाडसच असतं. तेव्हापासून दोन-तीन जनावरं शेजारी उभी राहीपर्यंत मी बोट ट्रिगरवर नेत नाही. मादीचं डोकं कानांमध्ये गोलसर दिसतं, नर पाडसाचं सपाट. दुर्बिणीतून हे दिसतं, घाईत दिसत नाही.

जबडा हातात घेतल्यावर

बैलाचे पुढचे दात बघतात. हरणाच्या दाढा बघायच्या. हातमोजे घाला, गाल मागपर्यंत कापा आणि झाडं छाटायच्या लांब दांड्याच्या कात्रीने खालचा जबडा मागून तोडून काढा. टेक्सासात 2012 पासून हरणांमध्ये क्रॉनिक वेस्टिंग डिसीज हा मेंदूचा जीवघेणा, पसरणारा रोग आढळतो, म्हणून डोकं दुसऱ्या काउंटीत नेण्याआधी तिथले चालू नियम बघा.

एका बाजूला पूर्ण वाढीच्या हरणाला सहा दाढा: तीन लहान, तीन मोठ्या. पुढून मोजा. चार, फार तर पाच असतील तर पाडस. सहाही असतील तर तिसरीवर थांबा. दीड वर्षाच्या हरणाची तिसरी दाढ अजून दुधाची असते, झिजलेली आणि तीन भागांची. तिच्याखालून दोन भागांची नवी, पांढरीशुभ्र दाढ वर येत असते. कधी जुनी टोपीसारखी तिच्यावर बसलेली दिसते. इथवर चूक होणं कठीण.

अडीचपासून झिजेचा खेळ सुरू होतो. ही पद्धत न्यूयॉर्क राज्यातले सी. डब्ल्यू. सेव्हरिंगहॉस यांनी 1949 साली मांडली. दाढेच्या जिभेकडच्या कडेला टॉर्च तिरपा धरा. बाहेर पांढरं इनॅमल, आत तपकिरी डेंटीन. चौथ्या दाढेत तपकिरी पट्टा पांढऱ्यापेक्षा अरुंद असेल तर अडीच. तिथे तो रुंद झाला तर साडेतीन, पाचवीतही रुंद असेल तर साडेचार, सहावीतही असेल तर साडेपाच किंवा पुढे. सहावीच्या अगदी मागच्या टोकाकडेही बघा: अडीचला ते अणकुचीदार, साडेतीनला घासून सपाट.

वाळूच्या जमिनीतला चारा दाढा लवकर झिजवतो, मऊ चाऱ्यावर त्या टिकतात. पाडसपणीच कानात बिल्ला मारलेल्या, म्हणजे वय पक्कं माहीत असलेल्या हरणांचे जबडे तज्ज्ञांसमोर ठेवले, तेव्हा अडीचच्या पुढे त्यांचेही अंदाज बरेच चुकले. म्हणून वहीत आकडा लिहिला तरी मनात गटच ठेवा.

फारच खात्री हवी असेल तर पुढचे मधले दोन दात मुळासकट काढून कागदी पाकिटात घालून मोंटानातल्या मॅटसन्ससारख्या प्रयोगशाळेला पाठवा. तिथे मुळाचा पातळ काप घेऊन झाडाच्या खोडासारखी वर्षाची वलयं मोजतात. कडक हिवाळ्याच्या प्रदेशात वलयं ठसठशीत उठतात, दक्षिणेत फिकट.

जाता जाता: हिल कंट्रीत, म्हणजे मध्य टेक्सासच्या डोंगराळ भागात, तुम्हाला आपलं चितळही भेटेल. 1932 मध्ये ते टेक्सासात आणलं गेलं आणि आता मोकळं फिरतं. त्याचा माज ठरावीक ऋतूला बांधलेला नाही, पाडसं वर्षभर कधीही होतात. त्यामुळे वरचं दीड-अडीचचं गणित त्याला लावू नका.

वही

प्रत्येक जनावरामागे तारीख, आतडी काढल्यानंतरचं वजन, नराच्या शिंगांची मापं, मादीच्या आचळात दूध होतं का, आणि दोन वयं लिहा: मचाणातून सांगितलेलं एक, जबड्यावरून निघालेलं दुसरं. पहिलं गोळी झाडण्याआधीच टिपून ठेवायचं, नाहीतर माणूस नंतर सोयीस्कर आठवतो. आमच्या लीजवर जबडे उकळून, वाळवून, नंबर घालून शेडमधल्या तारेत ओवलेले आहेत. माझ्या त्या पाडसाचाही तिथे आहे. नवीन कुणी आलं की आधी तो खाली काढून त्याच्या हातात देतात आणि दाढा मोजायला सांगतात.