'आपली संस्कृती' की 'मानवी हक्क': हा वाद बैठकीत कसा घ्यावा

शनिवारी संध्याकाळी पुण्यात कर्वेनगरला आमच्या घरी दहा-बारा जण चर्चेला जमतात. मी ३१ वर्षं नागरिकशास्त्र शिकवलं, त्यामुळे इथेही सगळे मला 'बाई'च म्हणतात. एक वाक्य दर दोन-तीन महिन्यांनी येतंच: "बाई, हे हक्क पाश्चात्त्यांचे. आपल्याकडे कर्तव्य आधी, कुटुंब आधी." पहिल्या दोन वेळा जोरदार भांडण झालं आणि माणसं चहा न घेता उठली. तेव्हापासून ही बैठक मी वेगळ्या पद्धतीने घेते. तुम्हाला घ्यायची असेल तर अशी घ्या.

'संस्कृती' हा शब्द पहिली वीस मिनिटं बाजूला ठेवायला सांगा. त्याऐवजी प्रत्येकाने आपल्या पाहण्यातला एक प्रसंग सांगायचा. आमच्याकडे एका गृहस्थांनी सांगितलं, की पुतणीने जातीबाहेर लग्न केलं म्हणून गावच्या पंचांनी भावाच्या घराला वाळीत टाकलं. लग्नाकार्याचं बोलावणं बंद, दुःखालाही कुणी येईना. महाराष्ट्रात सामाजिक बहिष्काराविरुद्ध २०१६चा कायदा आहे, हे आमच्यातल्या निम्म्या लोकांना त्या दिवशी कळलं. कर्तव्य मोठं की हक्क, हा प्रश्न मग त्या घराकडे बघूनच बोलावा लागला.

मग समोरच्याची बाजू त्याच्यापेक्षा चांगली मांडा. यात आळस करू नका. सिंगापूरचे पंतप्रधान ली क्वान यू आणि मलेशियाचे पंतप्रधान महाथीर म्हणत, की आशियात समाज व्यक्तीच्या आधी येतो, आणि शिस्त व स्थैर्य असेल तरच भरभराट होते. १९९३च्या बँकॉक जाहीरनाम्यात आशियाई सरकारांनी हक्क सार्वत्रिक आहेत हे मान्य केलं, पण देशोदेशीचा इतिहास, संस्कृती आणि धर्म लक्षात घ्या, असंही म्हटलं. वसाहतवाल्यांनी उपदेश करावा याचा राग त्यामागे होता, आणि तो खोटा नव्हता.

त्यानंतरच उत्तर द्या, आणि तेही आशियातलंच. दक्षिण कोरियाचे लोकशाहीवादी नेते किम दे-जुंग यांना १९८०मध्ये लष्करी राजवटीने फाशीची शिक्षा सुनावली होती. तेच १९९४मध्ये लिहितात, की लोकशाहीची मुळं आशियाच्या परंपरेतही आहेत. आणि १९४८चा मानवी हक्कांचा जाहीरनामा? त्याच्या मसुद्यात 'ऑल मेन' असं होतं. ते 'ऑल ह्यूमन बीइंग्ज' व्हावं म्हणून भारताच्या हंसाबेन मेहतांनी आग्रह धरला. मसुदा करणाऱ्यांत चीनचे पी. सी. चांगही होते. 'पाश्चात्त्यांचं' म्हणणाऱ्याला ही नावं शांतपणे सांगा. आवाज चढवलात तर नावं ऐकू जात नाहीत.

पुण्यात राहता तर १८९१ टाळू नका. माझ्या मते सगळ्यात जास्त वेळ इथेच द्यावा. संमतिवयाच्या विधेयकाने मुलीचं संमतिवय, म्हणजे लग्नानंतरही शरीरसंबंधासाठीचं किमान वय, दहावरून बारा होणार होतं. आगरकर बाजूने, टिळक विरोधात. पण टिळकांना खलनायक करून सोपी सुटका करून घेऊ नका. परक्या सरकारने आमच्या चालीरीतींत हात घालू नये, हे त्यांचं म्हणणं होतं. मुलींची लग्नं सोळा वर्षांआधी करू नयेत, असं सुधारकांनी स्वतःवर बंधन घालून घ्यावं, असंही त्यांनी सुचवलं होतं. मी गटाचे दोन भाग करते. जो आगरकरांच्या बाजूचा वाटतो, त्याला टिळकांकडून बोलायला लावते. हमखास कुणीतरी अडखळतं आणि म्हणतं, "पण त्या दहा वर्षांच्या मुलीला कोणी विचारलं?" हा प्रश्न तुम्ही आधी विचारू नका, गटातूनच येऊ द्या.

तो आला की चिठ्ठ्या वाटा. नाव न लिहिता प्रत्येकाने लिहायचं: माझ्या घरात कोणता निर्णय मला न विचारता झाला? बोलणारी माणसं तासभर बोलतात आणि कोपऱ्यातल्या बायका सरबताचे पेले गोळा करत राहतात. चिठ्ठीत मात्र त्या लिहितात. गेल्या खेपेला चार चिठ्ठ्या लग्नाबद्दल निघाल्या, एक घर विकण्याबद्दल. मी त्या सगळ्या वाचून दाखवल्या, कोणाच्या ते कुणी विचारलं नाही. खोलीत बराच वेळ कुणी बोललं नाही, आणि मीही ती शांतता मोडली नाही.

चहा शेवटी ठेवा, मध्ये नको. आणि पुढच्या बैठकीचा प्रसंग चिठ्ठ्यांमधूनच निवडा, पण लिहिणारी व्यक्ती हो म्हणाली तरच.