परदेशी पर्यावरण शिकायला जायचंय? आधी आपल्या खाडीत उतरा

"मॅडम, कुठल्या युनिव्हर्सिटीला अर्ज करू?" दिवाळीची सुट्टी संपली की तिसऱ्या वर्षाची मुलं हा प्रश्न घेऊन येतात. हातात रँकिंगची यादी असते. ती मी बाजूला ठेवायला सांगते आणि विचारते, तुझ्या भागातला कुठला प्रश्न तुला स्वस्थ बसू देत नाही? आपल्या विषयात देश आणि विद्यापीठ त्यानंतर ठरवायचं. परदेशी जायचं ते आपलाच प्रश्न वेगळ्या कायद्याखाली, वेगळ्या हवेत, वेगळ्या माणसांच्या हाती कसा दिसतो ते बघायला. हे एकदा पक्कं झालं की कोर्स शोधणं आणि एसओपी, म्हणजे अर्जासोबतचं उद्देशपत्र, लिहिणं निम्मं सोपं होतं.

मी खाडीकाठची. कांदळवनावर (मँग्रोव्हवर) काम करायचं हे पक्कं होतं, म्हणून ब्रुसेल्सच्या यूएलबी विद्यापीठाच्या समन्वयाने चालणारा ट्रोपिमुंडो हा इरास्मस मुंडस (युरोपीय संघाच्या शिष्यवृत्तीचा, अनेक विद्यापीठांचा मिळून) मास्टर्स निवडला. वर्ग युरोपात, फील्ड उष्ण कटिबंधात. त्यातून मलेशियाच्या पेराक राज्यातलं मातांग बघायला मिळालं. सुमारे ४०,००० हेक्टरचं हे कांदळवन विसाव्या शतकाच्या सुरुवातीपासून वनखात्याच्या आराखड्याप्रमाणे तोडलं जातं आणि पुन्हा वाढवलं जातं. चक्र ३० वर्षांचं. पंधराव्या वर्षी पहिली विरळणी: मजूर चार फुटी काठी घेऊन चिखलात उतरतो, एक चांगलं झाड राखायला निवडतो, त्याच्याभोवती काठी फिरवतो आणि काठीच्या टप्प्यात येणारी बाकीची झाडं तोडतो. विसाव्या वर्षी तेच काम सहा फुटी काठीने. तिसाव्या वर्षी उरलेलं लाकूड कुआला सेपेतांगच्या विटांच्या घुमटाकार भट्ट्यांत कोळसा व्हायला जातं.

आता मी गेले होते महाराष्ट्रातून, जिथे मुंबई उच्च न्यायालयाने २००५ साली कांदळतोडीवर बंदी घातली. संरक्षण म्हणजे हात न लावणं, एवढंच मला माहीत होतं. तिथे तोडणाऱ्याच्या हातातली काठी हेच व्यवस्थापनाचं साधन. मातांग आपल्यापेक्षा सरस आहे असं मी म्हणत नाही. तोडीच्या पट्ट्यांत मैलभर एकाच जातीचं रान दिसतं, आणि आपल्याकडे तिवर, चिप्पी, कांदळ अशा वेगवेगळ्या जाती एकाच खाडीत नांदतात. पण जळणासाठी फांदी आणणाऱ्या बाईला आपण नुसतं गुन्हेगार का ठरवतो, हा प्रश्न मला तिथे पडला. वर्गात तो पडला नसता.

तुमचा प्रश्न वेगळा असेल. सांगलीच्या मुलाने २०१९ चा महापूर पाहिला असेल, तर त्याने नेदरलँड्स बघावं. तिथे नाइमेखनजवळ वाल नदीचा बांध ३५० मीटर मागे सरकवून नदीला जागा दिली आहे, आणि डेल्फ्टमध्ये आयएचई ही केवळ पाण्याच्या शिक्षणाला वाहिलेली संस्था आहे. गडचिरोलीत मेंढा-लेखा गावाला २००९ साली सामूहिक वनहक्क, म्हणजे गावाने मिळून जंगल वापरण्याचा आणि सांभाळण्याचा हक्क, मिळाला. त्यावर काम करणाऱ्या मुलीला युरोपपेक्षा नेपाळ जास्त शिकवेल, कारण तिथे १९९३ च्या वन कायद्यापासून गावांचे वापरकर्ता गट जंगल सांभाळतात. शेजारचा देशही परदेशच आहे, आणि खर्च कितीतरी कमी.

कोर्सची जाहिरात वाचू नका, मॉड्यूलची, म्हणजे शिकवल्या जाणाऱ्या विषयांची, यादी वाचा. युरोपात दोन वर्षांचा मास्टर्स १२० ईसीटीएस (अभ्यासाचा भार मोजायची युरोपातली पद्धत) क्रेडिटचा असतो आणि त्यातले साधारण ३० प्रबंधाला जातात. उरलेल्यांपैकी किती क्रेडिट बाहेर, मातीत, पाण्यात मिळतात ते मोजा. फील्ड सक्तीचं आहे की ऐच्छिक? प्रवासाचा खर्च फीमध्ये धरलाय की वेगळा? प्रबंधाचं काम भारतात करता येतं का? शेवटच्या दोन गोष्टी वेबसाइटवर सहसा सापडत नाहीत. कोर्सच्या समन्वयकाला सरळ ईमेल करा आणि जमल्यास शिकून गेलेल्या एखाद्या विद्यार्थ्याचा संपर्क मागा. दोन वर्षं द्यायची तयारी नसेल तर छोटे कोर्स आहेत: केंब्रिजची ट्रॉपिकल बायोलॉजी असोसिएशन पूर्व आफ्रिकेत, मादागास्करमध्ये आणि बोर्निओत महिनाभराचे फील्ड कोर्स घेत आली आहे. मात्र लाखभर रुपये घेऊन कासवांसोबत फोटो काढू देणाऱ्या 'व्हॉलंटियर' सहलींपासून लांब राहा. तिथे कोण शिकवणार, कुठली पद्धत शिकवणार, हे आधी विचारा. उत्तर गोलमोल आलं तर पैसे वाचले म्हणा.

अर्जाआधीचं वर्ष आपल्याच भागात घालवा. मी मुलांकडून काय करून घेते ते सांगते. खाडीतली एक जागा निवडायची आणि १० मीटर बाय १० मीटरचा प्लॉट दोरीने आखायचा. आत प्रत्येक झाडाची जात आणि १.३ मीटर उंचीवरचा घेर टेपने मोजून लिहायचा. कांदळाला आधारमुळं असतात, त्यामुळे तिथे सर्वात वरच्या मुळाच्या ३० सेंटिमीटर वर टेप लावायचा, आणि तसं केल्याची नोंद करायची. वही साधी, पण पेन्सिलने लिहायचं. शाई पहिल्या शिंतोड्याला पसरते. तारीख, वेळ, ओहोटी किती वाजता, बरोबर कोण, हे पानाच्या माथ्यावर. वेळ ठरवताना गावातल्या मच्छीमाराला विचारा; तिथीवरून उधाण (मोठी भरती-ओहोटी) की भांग (लहान भरती-ओहोटी) हे तो तोंडपाठ सांगतो. पूर्ण ओहोटीच्या दोन तास आधी उतरायचं आणि पाणी फिरलं की हातातलं काम टाकून बाहेर यायचं. शाळेतले गमबूट नकोत, चिखल ते पायातून ओढून घेतो. अनवाणीही नको, कालवांच्या धारेने तळवा फाटतो. जुने कॅनव्हासचे बूट घट्ट नाडी बांधून घाला. मुलींसाठी आणखी एक, कारण हे कुणी सांगत नाही: फील्डच्या दिवशी जवळचं घर आधी ठरवून ठेवा, जिथे बाथरूम वापरता येईल आणि कपडे बदलता येतील. पाणी न पिता दिवस काढायचा नाही.

हाच प्लॉट वर्षभर दर महिन्याला करा. नकाशे काढायचं क्यूजीआयएस हे सॉफ्टवेअर फुकट आहे, त्यात नकाशा काढा. आकडेवारीसाठीची 'आर' ही संगणकभाषा शिकून एक आलेख काढा. आणि संरक्षित क्षेत्रात किंवा वनजमिनीवर पाय ठेवण्याआधी परवानगी घ्या: अभयारण्यात मुख्य वन्यजीव रक्षकांची, कांदळवनात वनखात्याच्या कांदळवन कक्षाची. कॉलेजच्या लेटरहेडवर प्राचार्यांच्या सहीचा अर्ज करा, आणि उत्तराला वेळ लागतो हे धरून चाला.

एवढं हातात असलं की एसओपी आपोआप लिहून होतो. "मला लहानपणापासून निसर्गाची आवड आहे" हे वाक्य शंभर अर्जांत असतं. त्याऐवजी तुमच्या खाडीचं नाव, प्लॉटमध्ये काय दिसलं, कशाचं उत्तर मिळालं नाही आणि ते शोधायला याच कोर्समधला नेमका कुठला भाग लागतो, हे लिहा. निवड करणारी मंडळी स्वतः फील्डवर घासलेली असतात. खरं काम त्यांना दोन ओळींत ओळखू येतं.

पैशांचं. इरास्मस मुंडसची शिष्यवृत्ती महिन्याला १,४०० युरो, जास्तीत जास्त २४ महिने, आणि फी माफ. विमान आणि व्हिसाचा खर्च त्याच रकमेतून करायचा. बहुतेक अर्ज ऑक्टोबर ते जानेवारीत असतात. कुठल्या कोर्सला यंदा शिष्यवृत्ती आहे हे दर वर्षी बदलतं, म्हणून अधिकृत यादी नव्याने बघा. तिथे बँक खातं उघडेपर्यंत शिष्यवृत्तीचा हप्ता हाती येत नाही, तेव्हा महिनाभराचा खर्च बरोबर न्या. अमेरिकेच्या फुलब्राइट-नेहरू मास्टर्स शिष्यवृत्तीला तीन वर्षांचा आणि डाड (DAAD) या जर्मन शिष्यवृत्ती संस्थेच्या विकासविषयक अभ्यासक्रमांना दोन वर्षांचा नोकरीचा अनुभव लागतो. त्यामुळे पदवीनंतर एखाद्या संस्थेत फील्डची नोकरी धरणं फायद्याचं, वाया जाणं नव्हे. अनुसूचित जातीच्या विद्यार्थ्यांनी राज्याची राजर्षी शाहू महाराज परदेशी शिष्यवृत्ती बघावी. सागरी विषय असेल तर राज्याच्या मँग्रोव्ह फाउंडेशनकडेही परदेशी शिक्षणाच्या शिष्यवृत्तीची चौकशी करा. कोकणातल्या मुलांना ही माहिती पोहोचत नाही, याचं मला फार वाईट वाटतं.

स्वखर्चाने जर्मनीला जाणार असाल तर एपीएस प्रमाणपत्र (आपली शैक्षणिक कागदपत्रं तपासल्याचा दाखला) नोव्हेंबर २०२२ पासून सक्तीचं आहे आणि ब्लॉक्ड अकाउंटमध्ये (दर महिन्याला ठरावीक रक्कमच काढता येणाऱ्या खात्यात) वर्षाचे ११,९०४ युरो दाखवावे लागतात. बहुतेक सरकारी विद्यापीठांत फी नाही, पण फ्रायबुर्ग ज्या राज्यात आहे तिथे आपल्याकडच्या विद्यार्थ्यांना सत्राला १,५०० युरो पडतात. ट्रान्सक्रिप्टचा (सर्व सत्रांच्या अधिकृत गुणपत्रकाचा) अर्ज आपल्या विद्यापीठात पावसाळ्यातच करून टाका.

प्रबंधाचं काम भारतात करणार असाल तर एक गोष्ट गांभीर्याने घ्या. इथली पानं, बिया, चिखलाचे नमुने बॅगेत घालून परदेशी प्रयोगशाळेत नेता येत नाहीत. जैवविविधता कायदा २००२ साली झाला. नमुने बाहेर जाणार असतील तर चेन्नईच्या राष्ट्रीय जैवविविधता प्राधिकरणाची मंजुरी लागते का, हे गाइडसोबत बसून पहिल्याच सत्रात तपासा. शक्य असेल तर विश्लेषण इथल्याच एखाद्या प्रयोगशाळेत करून फक्त आकडे घेऊन जा. तिकडच्या जंगलात काम करताना उलटी काळजी: ऑस्ट्रिया, दक्षिण जर्मनी, स्वीडनच्या गवताळ रानात गोचिडीपासून मेंदूज्वर होतो. त्याची लस आहे, फील्डचं सत्र सुरू होण्याआधी घ्या.

शिफारसपत्र मागायला शिक्षकांकडे सप्टेंबरात जा, डिसेंबरात नको. जाताना फील्डची वही घेऊन जा आणि ती पानं त्यांना उलटू द्या, म्हणजे पत्रात तुमच्या कामाचं काहीतरी येईल. वर्षभरात जे सापडलं ते मराठीत दोन पानांत लिहून ग्रामपंचायतीला आणि तुम्हाला भरतीच्या वेळा सांगणाऱ्या मच्छीमारांना द्या. काही चुकलं असेल तर ते सांगतील, आणि ती दुरुस्ती अर्ज पाठवण्याआधी करून घ्या.