निधीभोजनात ॲलर्जीचं ताट: या चुका टाळा

वाचनालयाला छप्पर हवं असो, शाळेला पाण्याची टाकी हवी असो की कुणाच्या ऑपरेशनला पैसे कमी पडत असोत, आमच्या आर्वी-पुलगाव भागात पहिला विचार जेवणाचाच होतो. कूपनं छापायची, गावातून धान्य, तेल, गूळ गोळा करायचा आणि शेतात चुली मांडायच्या. मी एरवी लोकांच्या घरी जाऊन स्वयंपाक करते. त्यातली काही घरं मला मुद्दाम बोलावतात, कारण तिथे कुणाला शेंगदाणा चालत नाही, कुणाला गहू, कुणाला दूध. निधीभोजन असलं की ही माणसंही कूपन घेतात आणि त्यांची ताटं माझ्याकडे येतात. गावोगावी त्याच त्या चुका बघून जीव मेटाकुटीला आला आहे, म्हणून लिहिते आहे.

दानात आलेलं तेल दिसेल त्या कढईत ओतणं

ही चूक मला सगळ्यात जास्त खुपते, कारण ती चांगुलपणातून होते. रिफाइंड शेंगदाणा तेलात प्रथिन जवळजवळ उरत नाही. लाकडी घाण्याच्या तेलात ते राहतं, आणि ॲलर्जी होते ती त्या प्रथिनाची. गावात देणगी म्हणून येतो तो घाण्याच्याच तेलाचा डबा, कारण माणूस देताना आपल्याकडचं सगळ्यात चांगलं देतो. डब्यावर चिठ्ठी नसते. तो इतर डब्यांच्या शेजारी ठेवला जातो आणि तासाभरात कुठलं तेल कुठलं, हे कुणालाच सांगता येत नाही.

एका गावात वाचनालयासाठी गोळाभाताचं जेवण होतं. तिसरीतल्या एका मुलाला शेंगदाण्याची कडक ॲलर्जी होती आणि त्याच्या आईने कूपन घेतानाच तसं सांगितलं होतं. त्याचा भात, वरण, वांग्याची भाजी मी घरून आणलेल्या गंजात वेगळी केली. फोडणी सोयाबीनच्या रिफाइंड तेलाची, तीही वेगळ्या कढल्यात. ताट वाढून, वर दुसरं ताट झाकून आईच्या हातात दिलं. इथवर सगळं ठीक होतं. गोळाभातावर हिंग-मोहरीचं कडकडीत तेल घ्यायची आपली पद्धत. एक कार्यकर्ता फोडणीचं भांडं घेऊन पंगतीत फिरत होता. मुलाच्या ताटात तेल कमी दिसलं, म्हणून त्याने मायेने पळीभर ओतलं. ती फोडणी दानात आलेल्या घाण्याच्या तेलाची होती. आई शेजारच्या बाईशी बोलत होती, तेवढ्यात मुलाने दोन घास खाल्लेही.

आधी त्याने ओठ चोळले. मग गळ्यावर लाल गांधी उठल्या, खोकला सुरू झाला, उलटी झाली. जमलेल्यांचं म्हणणं, "पित्त झालं असन, लिंबूपानी द्या." कुणीतरी खिशातून सेट्रिझिनची, म्हणजे खाजेवरची गोळी काढली. दोघं जण त्याला मोटरसायकलवर मध्ये बसवून न्यायला निघाले होते. मी त्याला बसवू दिलं नाही. जीपच्या मागच्या सीटवर कुशीवर झोपवून प्राथमिक आरोग्य केंद्रात नेलं. तिथे डॉक्टर हजर होते आणि ॲड्रेनॅलिनही होतं. मांडीच्या बाहेरच्या बाजूला इंजेक्शन दिल्यावर पोराचा श्वास मोकळा झाला. तरीही त्याला रात्रभर ठेवून घेतलं, कारण काही तासांनी त्रास दुसऱ्यांदा उलटू शकतो.

तेव्हापासून माझी अट ठरलेली आहे. माझ्या ताटांना वाढणारी व्यक्ती एकच, आणि ती दुसऱ्या कुणालाच वाढणार नाही. ताट पंगतीच्या अगदी टोकाला, घरच्या माणसाशेजारी. दानाचं तेल आलं की त्याच क्षणी डब्याला कापडी चिंधी बांधून त्यावर मार्करने नाव लिहायचं. आयोजकांना हे पटत नसेल तर मी ते काम घेत नाही.

"तळलं की सगळं मरते"

हे वाक्य मी प्रत्येक चुलीपाशी ऐकते. उष्णतेने जंतू मरतात. शेंगदाण्याचं प्रथिन मरत नाही, उलट भाजल्यावर ते जास्त त्रासदायक ठरतं. तेव्हा कूट घातलेल्या भाजीचा सराटा "उकळत्या भाजीत बुडवून" स्वच्छ होत नाही. तो साबण लावून, घासून, वाहत्या पाण्यातच धुवावा लागतो. लाकडी पळी आणि पाटा-वरवंटा तर कितीही धुतला तरी मी त्या ताटासाठी वापरत नाही. पाट्याला टाकी लावलेली असते, त्या खाचांत कूट बसतं. चटणी मी घरच्या मिक्सरच्या वेगळ्या भांड्यात वाटून आणते. त्या भांड्यात शेंगदाणा कधीच गेलेला नाही.

मिसळणाच्या डब्यातल्या चमच्याचंही तसंच. तो चमचा तिखटातून कुटात आणि कुटातून हळदीत फिरतो. माझं मिसळण पुड्यांमध्ये येतं.

नवीन मुली माझ्यासोबत शिकायला येतात. त्यांना पहिल्याच दिवशी कढईजवळ उभं राहायचं असतं. मी त्यांना आधी भांडी घासायला आणि डब्यांना नावं लावायला बसवते. दोन दिवसांत कंटाळून जातात त्यांना मी थांबवत नाही. ज्याला भांडं घासायचा धीर नाही त्याच्या हाती ॲलर्जीचं ताट देऊ नये, हे माझं ठाम मत आहे.

गव्हाच्या बाबतीत लहान वाटणाऱ्या, पण लहान नसलेल्या गोष्टी

सीलिॲक म्हणजे गव्हातलं ग्लुटेन हे प्रथिन आतड्यांना न सोसण्याचा आजार. तो असलेल्या माणसाला लगेच गांधी उठत नाहीत, म्हणून लोक त्याला लाड समजतात. पण त्याची आतडी आतून खराब होत राहतात. त्याला ज्वारीची भाकर चालते, हे खरं. पण ती ज्वारी गावच्या चक्कीवर गव्हाच्या मागून दळली असेल तर पिठात गहू आलाच. बाजारात ग्लुटेनमुक्त म्हणायला किलोला २० मिलिग्रॅमपेक्षा कमी ग्लुटेन असावं लागतं. चक्कीच्या दगडांत अडकलेल्या कणकेसमोर हे प्रमाण किती बारीक आहे ते समजून घ्या. मी ज्वारी निवडून, धुऊन, वाळवून घरच्या घरघंटीवर दळते आणि त्या घरघंटीत गहू टाकू देत नाही. रोडग्यांच्या गोवऱ्यांवर त्यांची भाकर शेकायची नाही. कणकेच्या हाताने लाटणं-पोळपाट द्यायचं नाही.

आणि हिंग. बाजारातला बांधानी हिंग पिठात कालवलेला असतो, बहुतेक वेळा मैद्यात. डबी उलटी करून घटक वाचा. तांदळाच्या पिठातला मिळाला तर घ्या, नाहीतर फोडणी जिऱ्या-लसणाची करा. चव अजिबात उणी होत नाही.

दूध

दूध न पचणं वेगळं आणि दुधाची ॲलर्जी वेगळी. पहिल्या माणसाला कदाचित थोडं ताक चालेल. दुसऱ्याला तुपाची धारसुद्धा नको. "मग शेळीचं दूध द्या" हा सल्ला हमखास येतो. गाईच्या दुधाची ॲलर्जी असलेल्या बहुतेकांना शेळीचंही चालत नाही.

चुकीचा प्रश्न विचारणं

"काय चालत नाही?" असं विचारलं की उत्तर येतं, "काही नाही ताई, जरा दाणे कमी टाका." मी विचारते, "मागच्या वेळी खाल्लं तेव्हा काय झालं होतं, आणि कुठे न्यावं लागलं?" खरी गोष्ट तेव्हा बाहेर येते. मूल असेल तर त्याला रोज जेवू घालणाऱ्या माणसाला विचारा, मग ती आजी असली तरी.

विकायच्या लाडवांवर घटक न लिहिणं

निधीसाठी जवसाचे, तिळाचे लाडू पुड्यांत विकले जातात. एफएसएसएआय या देशाच्या अन्नसुरक्षा संस्थेच्या २०२० च्या लेबल नियमांत ॲलर्जीचे पदार्थ वेगळे सांगायची यादी आहे. त्यात ग्लुटेनची धान्यं, दूध, अंडी, मासे, कोळंबी-खेकड्याचा वर्ग, शेंगदाणा आणि सुकामेवा, सोयाबीन आणि सल्फाइट येतात. तीळ आणि मोहरी त्यात नाहीत. म्हणून तिळाची ॲलर्जी असलेल्याने फक्त इशाऱ्याची ओळ न पाहता पूर्ण घटक वाचावेत, आणि तुम्ही पुडीवर सगळे घटक लिहावेत. मराठीत, मोठ्या अक्षरात. "घरगुती साहित्य" एवढं लिहून भागत नाही.

गोळी देऊन वाट बघणं

सेट्रिझिनने खाज कमी होते, बंद होणारा श्वास उघडत नाही. त्यासाठी ॲड्रेनॅलिनच लागतं. परदेशात मिळतात तशी स्वतः टोचायची पेनं आपल्याकडे सहज मिळत नाहीत. म्हणून जेवणाच्या आदल्या दिवशी मी जवळच्या आरोग्य केंद्रात फोन करून दोनच गोष्टी विचारते: उद्या कोण ड्यूटीवर आहे, आणि ॲड्रेनॅलिन शिल्लक आहे का. रविवारचं जेवण असेल तर हा फोन चुकवूच नका. त्रास सुरू झाला तर १०८ ला फोन करा, माणसाला आडवं झोपवा, उठवून चालवू नका. धाप लागत असेल तर टेकून बसू द्या.

पैशाच्या बाजूच्या चुका

यात मी जाणकार नाही, पण वारंवार दिसतात म्हणून सांगते. नोंदणी नसलेल्या मंडळाने वर्गणी गोळा करण्याआधी सार्वजनिक न्यास कायद्याच्या कलम ४१ क खाली धर्मादाय कार्यालयाची परवानगी घ्यावी. संस्थेकडे देणगीवरच्या आयकर सवलतीची नोंदणी (८०जी) असली तरी २००० रुपयांवरच्या रोख देणगीला करसवलत मिळत नाही, हे देणाऱ्याला आधीच सांगा. ॲलर्जीच्या ताटाचे जास्त पैसे घेऊ नका. आणि आजारी पोराला स्टेजवर उभं करून, त्याच्या ॲलर्जीची गोष्ट माइकवर सांगून देणगी मागू नका. मी हे होताना पाहिलं आहे. पोरगं मान खाली घालून उभं होतं आणि समोर त्याच्या वर्गातली मुलं बसली होती.

कूपनाची मागची बाजू बहुतेक कोरीच असते. तिथे एक ओळ छापून घ्या: "खाण्याची ॲलर्जी असल्यास तीन दिवस आधी कळवावे", आणि खाली स्वयंपाक करणाऱ्याचा फोन नंबर. अध्यक्षांचा नको, ते निरोप विसरतात.