आधी तारीख, मग बॉक्स

माणूस काउंटरवर येतो, डोळे तपासून मिळालेली चिठ्ठी पुढे करतो आणि म्हणतो, "वर्षभराच्या कॉन्टॅक्ट लेन्स एकदमच देऊन टाका, सारखं यायला नको." आपला हात आपोआप कपाटाकडे जातो. तो हात तिथेच थांबवायचा आणि चिठ्ठीची मुदत कधी संपते ते वाचायचं. पॉवर नंतर, कंपनी नंतर, सवलत तर फारच नंतर. मी एकदा हे केलं नाही, म्हणून ही यादी लिहायची वेळ आली.

तेव्हाची चिठ्ठी एका वर्षाची होती आणि तिचे सात आठवडे उरले होते. मी बॉक्सवरची तारीख मात्र नीट बघितली. ती चांगली चार वर्षं पुढची होती. माझं समाधान झालं आणि मंथली, म्हणजे महिन्याने बदलायच्या लेन्सचे, तीन-तीन लेन्स असलेले, आठ बॉक्स मी पिशवीत भरले. माल बारा महिन्यांचा, चिठ्ठी सात आठवड्यांची. आता त्या बाई तपासणीला कशाला येतील? लेन्स घरातच होत्या. एकेक लेन्स थोडी जास्त ओढत त्यांनी चौदा महिने काढले. परत आल्या तेव्हा उजव्या डोळ्याचा नंबर मायनस 3.25 वरून मायनस 4.00 झालेला, आणि स्लिट लॅम्पखाली, म्हणजे डोळा तपासायच्या सूक्ष्मदर्शकाखाली बघितलं तर कॉर्नियाच्या, म्हणजे बुबुळावरच्या पारदर्शक पडद्याच्या, वरच्या कडेने बारीक रक्तवाहिन्या आत शिरलेल्या. "पण मला तर काहीच त्रास नव्हता," त्या म्हणाल्या. थोडं थांबून म्हणाल्या, "आणि लेन्स तुम्हीच दिल्या होत्या ना?" यावर उत्तर नव्हतं. अजूनही नाही.

तर मुदत. चिठ्ठीला मुदत असते ती नंबर बदलतो म्हणून, असं बऱ्याच जणांना वाटतं. काउंटरवर उभं राहणाऱ्या आपल्यापैकीही काहींना वाटतं. नंबर हे अर्धंच कारण आहे. निरोगी कॉर्नियात रक्तवाहिन्या नसतात, म्हणूनच तो पारदर्शक असतो. जागेपणी त्याला लागणारा ऑक्सिजन मुख्यतः हवेतून, अश्रूंच्या थरात विरघळून मिळतो. लेन्स हे त्याच्यावरचं झाकण आहे. झाकण चांगलं असेल, वेळेवर बदललं आणि रात्री काढलं तर भागतं. नाहीतर उपाशी कॉर्नियाकडे कडेच्या रक्तवाहिन्या हळूहळू सरकू लागतात. हे दुखत नाही, खुपत नाही, दिसणंही लगेच बिघडत नाही. वरच्या पापणीच्या आतल्या बाजूला पुटकुळ्या येतात, त्याही सुरुवातीला कळत नाहीत. ज्याचे डोळे आहेत त्याला काही जाणवण्याआधी हे सूक्ष्मदर्शकाखाली बघणाऱ्याला दिसतं. म्हणून "मला नीट दिसतंय, तपासणी कशाला?" या वाक्याला काही अर्थ नाही. मुदत ही त्या बघण्याची तारीख आहे. आपण जास्तीचे बॉक्स दिले की ती तारीख आपण परस्पर पुढे ढकलतो, तीही डोळा न बघता.

इथे दोन तारखांची गल्लत होते. माझी झाली तशीच. बॉक्सवर वाळूच्या घड्याळाचं चिन्ह असतं आणि त्याच्यापुढे वर्ष-महिना. ती न उघडलेल्या लेन्सची मुदत, म्हणजे लेन्स तोवर निर्जंतुक राहील एवढंच. त्या लेन्सनी तोवर कुणाच्या तरी डोळ्यात जात राहावं, असं ती तारीख म्हणत नाही. चिठ्ठीची मुदत वेगळी. बॉक्सवर चार वर्षं आहेत आणि चिठ्ठीवर सात आठवडे, तर आपल्यासाठी सात आठवडे. हे मी आता चिठ्ठीवर पेन्सिलने लिहूनच पुढे जाते: आज इतकी तारीख, मुदत अमुक, उरले इतके आठवडे. मोजणी त्यानंतर.

चिठ्ठीतलं बाकी सगळं तुम्ही बघताच, तेव्हा पटकन. पॉवर, बेस कर्व्ह (लेन्सच्या आतल्या बाजूची गोलाई), व्यास, टोरिक (सिलिंडर नंबरची) असेल तर सिलिंडर आणि त्याचा ॲक्सिस, म्हणजे कोन, मल्टिफोकल (लांबचं-जवळचं दोन्ही दाखवणारी) असेल तर ॲड, म्हणजे जवळचा वाढीव नंबर. कंपनी आणि लेन्सचं नावसुद्धा चिठ्ठीचाच भाग आहे. बेस कर्व्ह 8.6 आणि व्यास 14.2 हे आकडे जुळले म्हणून दुसऱ्या कंपनीची लेन्स तशीच बसेल असं नाही. चष्म्याच्या चिठ्ठीवर लेन्स मागायला आले तर सरळ नाही म्हणा. चष्मा डोळ्यापासून साधारण 12 मिलिमीटर लांब असतो, लेन्स डोळ्यावरच बसते. चष्म्याचा मायनस 6.00 लेन्समध्ये मायनस 5.50 च्या आसपास येतो. चार नंबरच्या आत हा फरक जाणवत नाही, त्याच्या पुढे जाणवतो. शिवाय चष्म्याच्या चिठ्ठीत बेस कर्व्ह नसतोच.

आता मोजणी. वर्षभराच्या मंथली म्हणजे एका डोळ्याला 12, सहाचा बॉक्स असेल तर दोन्ही डोळे मिळून चार, तीनचा असेल तर आठ. दोन आठवड्यांच्या लेन्सचे सहाचे बॉक्स घेतले तर एक बॉक्स एका डोळ्याला 12 आठवडे पुरतो. म्हणजे प्रत्येक डोळ्याला चार बॉक्स दिले तरी 48 आठवडेच होतात, शेवटचा महिना उघडा पडतो. डेली लेन्स, म्हणजे एक दिवस घालून टाकायच्या, रोज घालणाऱ्याला वर्षाला 730 लागतात. नव्वदचे आठ बॉक्स दिले की 720. हे सगळे आकडे पाठ करून उपयोग काय, तर "वर्षभराच्या" हा शब्द ऐकला की आपलं डोकं थेट तिथे जातं. जाऊ देऊ नका. चिठ्ठीचे उरलेले आठवडे घ्या आणि त्यांना भागा. सात आठवडे म्हणजे मंथलीच्या एका डोळ्याला दोन, तीनचा बॉक्स असेल तर प्रत्येक डोळ्याचा एक. बस्स. दोन बॉक्स. मी आठ दिले होते.

गिऱ्हाईक कटकट करेल. "पुन्हा यावं लागेल." हो, यावं लागेल, तेच तर हवं आहे. वर्षभराच्याच हव्या असतील तर आधी तपासणी करून घ्या आणि नव्या चिठ्ठीवर वर्षभराच्या न्या. हे सांगायला दोन मिनिटं लागतात. तोंडातून निघत नसेल तर लिहून ठेवा आणि वाचून दाखवा, पण सांगा.

कमी दिल्या तरी चालेल असंही नाही. मुदतीत चार महिने उरले असताना दोन महिन्यांच्या लेन्स हातात दिल्या, तर बरेच जण उरलेले दोन महिने त्याच लेन्स ओढून काढतात. म्हणून मुदतीपर्यंत पुरतील एवढ्या, वर फाटल्या-हरवल्या तर एकदोन. नव्याने लेन्स घालायला शिकलेल्यांच्या लेन्स सुरुवातीला जास्त फाटतात, त्यांना थोड्या जास्त लागतील.

आठवड्यातून तीनच दिवस घालणारे भेटतात. डेली असेल तर हिशेब सोपा, वर्षाला एका डोळ्याच्या 156, त्यातून उरलेल्या मुदतीपुरत्या. मंथली असेल तर ते म्हणतात, "मी कमी घालते, मला सहाच पुरतील." पुरत नाहीत. मंथलीचा महिना ब्लिस्टर, म्हणजे लेन्सचं सीलबंद पाकीट, उघडल्या दिवसापासून सुरू होतो. लेन्स केसमध्ये पडून होती म्हणून तिचा महिना लांबत नाही. अशांना डेली सुचवा, त्यांनाही तेच परवडतं.

काहींना मुदत बाकी असली तरी कमीच द्या. पहिल्यांदाच लेन्स लावणारे: ट्रायल लेन्स घालून काही दिवसांनी पुन्हा तपासून घेतलं नसेल तर वर्षभराचा विषयच काढू नका. वाढत्या वयाची मुलं, ज्यांचा मायनस चढतो आहे: तीन-चार महिन्यांच्या, फार तर सहा. चाळिशीच्या आसपासचे, ज्यांनी नुकतंच फोन लांब धरून वाचायला सुरुवात केली आहे. गरोदर बाई. नव्याने निदान झालेला मधुमेह, कारण साखर वरखाली झाली की नंबरही हलतो. या सगळ्यांच्या घरी न उघडलेले, चुकीच्या नंबरचे बॉक्स उरतात आणि मग ते बॉक्स "फुकट जातील म्हणून" डोळ्यात जातात.

मुदत किती असावी हे देशागणिक बदलतं, आपल्या ठिकाणचा नियम वाचून ठेवा. अमेरिकेत 2003 साली कायदा झाला आणि 2004 पासून नियम लागू आहे. वैद्यकीय कारण नोंदवलं नसेल तर चिठ्ठीची मुदत एका वर्षापेक्षा कमी ठेवता येत नाही, आणि दुसऱ्या विक्रेत्याने चिठ्ठी ती लिहून देणाऱ्याकडे पडताळून घेताना किती लेन्स मागितल्या आहेत तेही कळवावं लागतं. पडताळणीला कामाच्या आठ तासांत उत्तर आलं नाही तर चिठ्ठी बरोबर धरली जाते. म्हणजे आकडा समोर येतो, बघायचा की नाही हे आपल्यावर. आठ तास गप्प बसून नंतर डोक्याला हात लावणारे मी पाहिले आहेत. मला बोलायचा अधिकार नाही, हेही मान्य.

मोजून झालं की मुदत पुन्हा वाचा. हो, पुन्हा. मी त्या दिवशी बॉक्स दोनदा मोजले, मुदत एकदाही वाचली नाही.

आता भराभर. उजव्या-डाव्याचे बॉक्स वेगळे, वर मार्करने लिहून. पण लिहिण्याआधी सांगा की खूण केलेला किंवा उघडलेला बॉक्स परत घेता येणार नाही. बॉक्सवरची तारीख शेवटची लेन्स वापरून होईल त्याच्याही पुढची हवी. सोल्यूशनच्या बाटलीवर उघडल्यानंतर किती दिवस ते छापलेलं असतं, तेवढेच. केस तीन महिन्यांनी टाकून द्यायची. पाणी नाही, नळाचं नाही, उकळलेलंही नाही, लेन्स घालून पोहणंही नाही. पाण्यातून अकँथअमीबा हा सूक्ष्म जीव येतो आणि त्याचा संसर्ग बरा करताना महिने जातात. लेन्स घालून झोपणं नाही. डोळा लाल, दुखरा, उजेड सहन होईना, धूसर दिसू लागलं, तर लेन्स काढून लगेच तपासणी.

चष्मा आहे का विचारा. चालू नंबरचा. माझ्या त्या बाईंना लेन्स कित्येक आठवडे बंद ठेवाव्या लागल्या आणि घरात होता तो चष्मा तीन वर्षांपूर्वीचा.

बिल, पिशवी, फोन नंबर. पुढच्या तपासणीची तारीख मुदत संपण्याच्या दोन-तीन आठवडे आधीची द्या, कार्डावर लिहा, रजिस्टरमध्येही लिहा. रजिस्टरमध्ये नुसतं "8 बॉक्स" लिहू नका, शेजारी चिठ्ठीची मुदत लिहा. तो रकाना माझ्या रजिस्टरमध्ये तेव्हा नव्हताच, आता पहिलाच आहे. तो रिकामा असेल तर पिशवी काउंटरच्या आपल्याच बाजूला ठेवा.