हरणाच्या मांसाचे मीटबॉल: नाक मुरडणाऱ्यांसाठी

हरणाचं मांस नको म्हणणाऱ्यांच्या तक्रारी बहुतेक तीनच असतात. वास उग्र येतो, घास कोरडा लागतो आणि गिळल्यावर जिभेवर कलेजीसारखी चव रेंगाळते. तिन्ही तक्रारी खऱ्या आहेत आणि तिन्हींची कारणं वेगळी. मसाला वाढवून त्या झाकायला गेलं, तर मसालाही लागतो आणि वासही लागतो. मीटबॉल जमणार की फसणार, हे खिमा करायच्या आधीच, सुरी हातात असतानाच ठरतं. ज्या देशांत हे मांस कायदेशीर मिळतं, तिथल्या स्वयंपाकघरासाठी ही पद्धत आहे.

वास कुठून येतो

उग्रपणा लाल मांसात कमी आणि हरणाच्या चरबीत जास्त असतो. ही चरबी मेणचट असते, बरीच तापल्यावर वितळते आणि जरा गार होताच पुन्हा घट्ट होते. टाळूला चिकटून राहणारा तो ओशट थर हिचाच. म्हणून मांसाच्या कडेची, दोन स्नायूंच्या मधली, जिथे दिसेल तिथली पांढरी चरबी पूर्ण काढून टाका. थोडी राहिली तर चालेल, असं इथे म्हणू नका. चरबीबरोबर स्नायूवरचा रुपेरी, चकचकीत पापुद्राही काढायचा. सुरीचं टोक त्याच्याखाली सरकवा, पातं किंचित वरच्या बाजूला वळवा आणि पापुद्रा ताणून धरत पुढे न्या. हा पापुद्रा शिजून मऊ होत नाही, शिवाय खिमा यंत्राच्या पात्याभोवती गुंडाळतो. मग यंत्र मांस कापायचं सोडून चिरडू लागतं.

शिकारीचं मांस असेल तर गोळी लागलेल्या जागेचा रक्ताळलेला भाग आजूबाजूच्या चांगल्या रुंद पट्ट्यासकट टाकून द्या. शिशाच्या गोळीचे बारीक कण जखमेपासून बरेच लांब उडालेले असू शकतात आणि ते डोळ्यांना दिसत नाहीत.

मांस दुधात किंवा ताकात भिजवावं का? पृष्ठभागावरचं रक्त त्याने निघतं, एवढंच. चरबीतला वास निघत नाही. वेळ थोडा असेल तर भिजवणं सोडा आणि तो वेळ साफ करण्यात घाला.

तयार खिमा विकत घेताना त्यात कोणती चरबी घातली आहे ते विचारून घ्या. हरणाचीच चरबी घालून दळलेला खिमा या कामाचा नाही.

एक चरबी काढली, दुसरी घाला

साफ केलेल्या हरणाच्या मांसात चरबी 2 ते 3 टक्केच उरते. एवढ्यावर केलेले मीटबॉल भुश्यासारखे भरभरीत होणारच. बाहेरून चरबी घालून एकूण मिश्रणात ती 15 ते 20 टक्क्यांवर न्यायची. डुकराची चरबी यासाठी सगळ्यात चांगली, कारण तिला स्वतःची चव कमी असते आणि ती लवकर वितळते. मेंढीची चरबी टाळा. एक उग्र वास घालवून दुसरा आणल्यासारखं होतं.

30 ग्रॅमच्या सुमारे 45 ते 48 मीटबॉलसाठी:

- हरणाचं साफ केलेलं मांस 700 ग्रॅम (खांदा, मान किंवा मांडी)
- डुकराच्या पोटाचं चरबीदार मांस, कातडी काढून, 300 ग्रॅम
- कडा काढलेला शिळा पांढरा ब्रेड 80 ग्रॅम, दूध 120 मिलि
- अंडं 1
- बारीक चिरलेला कांदा 150 ग्रॅम, लोणी 20 ग्रॅम
- लसूण 2 पाकळ्या, किसून
- किसलेलं जुनं, कडक चीज 40 ग्रॅम
- मीठ 15 ग्रॅम
- काळी मिरी 1 छोटा चमचा, ऑलस्पाइस (लवंग-दालचिनीसारख्या वासाचा मसाला) अर्धा, जायफळ पाव, सुकी थाइम (एक सुगंधी पाला) अर्धा

डुक्कर चालत नसेल तर 250 ग्रॅम कातडीसकट कोंबडीच्या मांड्या, हाडं काढून, आणि 60 ग्रॅम गोठवून किसलेलं लोणी घ्या. कोंबडी घातल्यावर मीटबॉल आतून 74 अंश सेल्सिअसपर्यंत शिजलेच पाहिजेत.

ज्याला हे मांस मुळातच नको असतं, त्याच्यासाठी पहिल्या खेपेला हरण आणि डुक्कर 500–500 ग्रॅम घ्या. मात्र डुकराचं चरबीदार पोट 300 ग्रॅमच ठेवा आणि उरलेले 200 ग्रॅम कमी चरबीचं मांस वापरा, नाहीतर मीटबॉल तेलकट होतात. खाणाऱ्याला ती चव आवडली की पुढच्या वेळी हरणाचं प्रमाण वाढवा.

खिमा आणि मिश्रण

दोन्ही मांसांचे 3 सेंटिमीटरचे तुकडे ताटात एकेरी थरात पसरून अर्धा तास फ्रीजरमध्ये ठेवा. कडा कडक आणि मध्य लवचीक, अशा अवस्थेत ते बाहेर काढायचे. यंत्राचं पातं आणि जाळीही गार करून घ्या. दोन्ही मांसं एकत्रच दळा, आधी 6 मिलिमीटरच्या जाळीतून आणि मग 4 ते 5 मिलिमीटरच्या. जाळीतून लाल-पांढरे ठिपके वेगळे दिसणारे दोरे बाहेर आले तर सगळं ठीक चाललंय. गुलाबी, चिकट लगदा यायला लागला तर तिथेच थांबा. चरबी तापून माखली गेलीय. अशी चरबी शिजताना वाहून जाते आणि मीटबॉल कोरडे पडतात. यंत्र उघडा, पात्यात अडकलेले दोरे काढा, मांस पुन्हा गार करा आणि मग पुढे जा.

कांदा लोण्यात मंद आचेवर मऊ, सोनेरी होईपर्यंत परता आणि पूर्ण गार होऊ द्या. कच्चा कांदा घातला तर तो शिजताना पाणी सोडतो आणि गोळे फुटतात. ब्रेड दुधात 10 मिनिटं भिजवून काट्याने कुस्करा. हा ब्रेड केवळ भर म्हणून नाही. तो दूध धरून ठेवतो आणि मांसाचे धागे एकमेकांना घट्ट आवळू देत नाही. कमी चरबीच्या मांसात मऊपणा त्यामुळेच टिकतो. कोरडा ब्रेडचा चुरा थेट घातला, तर तो उलट मांसातलाच रस शोषतो.

कुस्करलेल्या ब्रेडमध्ये अंडं, मीठ, मसाले, लसूण, चीज आणि कांदा आधी एकजीव करा. मग त्यात गार खिमा घालून बोटं पसरवून साधारण मिनिटभर कालवा. मिश्रण हाताला जेमतेम चिकटायला लागलं की हात काढा. कणकेसारखं मळलं तर मीटबॉल रबरासारखे होतात. खिम्याला तासन् तास आधी मीठ लावून ठेवलं तरी तेच होतं.

आता चमचाभर मिश्रणाची चपटी टिक्की तव्यावर पूर्ण शिजवून चाखा. मीठ-मिरी सुधारायची हीच वेळ. कच्चं मिश्रण कधीही चाखू नका.

ओल्या हाताने 30 ग्रॅमचे गोळे वळा. वजनकाट्यावर दोन-तीन तोलले की हाताला अंदाज येतो. मुलांसाठी 20 ग्रॅमचे करा. वळलेले गोळे अर्धा तास फ्रिजमध्ये ठेवले की आकार धरतात.

शिजवणं

कलेजीसारखी चव मांसातल्या लोहामुळे येते आणि जास्त शिजवलं की ती वाढते. खिमा असल्यामुळे आत लालसर ठेवायची सोय नाही. आतलं तापमान 71 अंशांना पोचलंच पाहिजे, पण त्याच्या फार पुढेही जाऊ नये. रंगावर भरवसा ठेवू नका. हे मांस मुळातच गडद असल्याने शिजलेलं आणि कच्चं यात डोळा फसतो. टोकदार थर्मामीटर गोळ्याच्या मध्यापर्यंत खुपसून पाहा.

ओव्हन 220 अंशांवर तापवून घ्या. ट्रेमध्ये गोळे एकमेकांना न चिकटता मांडा आणि 10 ते 12 मिनिटं भाजा. वरून खरपूस झाले पाहिजेत. सॉसमध्ये सोडायचे असतील तर आतून 62 ते 65 अंश झाल्यावरच काढा, उरलेलं सॉसमध्ये शिजेल. कढईत करताना गर्दी करू नका, नाहीतर गोळे भाजले न जाता स्वतःच्याच पाण्यात उकडतात.

पहिल्यांदा खाणाऱ्यासाठी टोमॅटो सॉस निवडा. ओळखीची चव असते आणि आंबटपणामुळे चरबीचा ओशटपणा कमी जाणवतो. 3 मोठे चमचे ऑलिव्ह तेलात 3 पाकळ्या लसूण हलका परता, 800 ग्रॅम डबाबंद टोमॅटो कुस्करून घाला, मीठ आणि अर्धा चमचा साखर टाकून 25 मिनिटं आटवा. मग मीटबॉल सोडून अगदी मंद आचेवर 8 ते 10 मिनिटं ठेवा. कडेला एखादा बुडबुडा यावा एवढीच आच हवी. खळखळ उकळलं तर आतापर्यंत सांभाळलेला रस सगळा सॉसमध्ये उतरतो. तासभर शिजवलं म्हणून मीटबॉल अधिक मऊ होत नाहीत.

चव आवडू लागली की पुढच्या वेळी ब्राउन सॉस करा. 40 ग्रॅम लोण्यात 40 ग्रॅम मैदा बदामी होईपर्यंत परतून त्यात 600 मिलि गरम स्टॉक (हाडं-भाज्या उकळून गाळलेलं पाणी) आणि शेवटी 100 मिलि क्रीम घाला. सोबत क्रॅनबेरी किंवा रेडकरंटचा आंबट-गोड जॅम ठेवा.

वाढताना

ताटल्या गरम करून घ्या. साफ करताना हरणाची चरबी थोडी राहून गेली असेल, तर ती गार ताटलीतच सगळ्यात आधी जाणवते. आणि हे मांस कशाचं आहे, त्यात डुक्कर आहे का, हे पहिल्या घासाआधी सांगा. फसवून खायला घातलं तर खाणारा एकदा खाईल, पुढे विश्वास ठेवणार नाही. शिवाय कुणाला ते धर्मामुळे किंवा अॅलर्जीमुळे वर्ज्य असू शकतं.

उरलेले मीटबॉल फ्रिजमध्ये 3 दिवस आणि फ्रीजरमध्ये 2–3 महिने टिकतात, पण ठेवायचे ते सॉसमध्ये बुडवूनच. लोह जास्त असलेल्या मांसाची चरबी हवा लागली की लवकर खवट होते आणि पुन्हा गरम करताना तोच शिळा, उग्र वास उठतो. म्हणून नाक मुरडणाऱ्याला पहिल्या वेळी ताजेच वाढा, दुसऱ्या दिवशी गरम केलेले नकोत.