एकट्या वृद्धांना संरक्षण कसे मिळवून द्यावे

डिचोलीत किंवा पेडण्यात शेजारच्या आजींची औषधाची पट्टी न फोडता पडून असेल, हातावर वळ दिसत असतील, तर आधी त्यांच्याशी एकांतात बोलावे. त्यांच्या इच्छेला डावलून केलेली मदत टिकत नाही. जिवाला धोका असल्यास ११२ वर पोलिसांना कळवावे, एरवी १४५६७ ही ज्येष्ठांची हेल्पलाइन आहे. जखमांची नोंद सरकारी आरोग्य केंद्रात अवश्य करून घ्यावी, कारण तोच कागद पुढे पोलिसांना आणि ज्येष्ठांच्या निर्वाहाचे अर्ज ऐकणाऱ्या न्यायाधिकरणालाही उपयोगी पडतो. आई-वडील व ज्येष्ठ नागरिकांच्या निर्वाह आणि कल्याणासाठीच्या २००७ च्या कायद्यानुसार, ज्येष्ठांना स्वतः शक्य नसेल तर निर्वाहाचा अर्ज त्यांनी अधिकार दिलेली व्यक्ती किंवा संस्थाही करू शकते. सांभाळण्याच्या अटीवर दानपत्राने घर दिले आणि सांभाळ झाला नाही, तर याच कायद्याच्या कलम २३ खाली ते हस्तांतर रद्द करून मागता येते; दुर्दैवाने ही तरतूद अनेकांना ठाऊकच नसते.